दोन सिबिल : यंत्रातली पत आणि तिचे साक्षीदार

संग्रामपूर, वरवट बकाल, सोनाळा या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत अनोळखी माणूस ओसरीवर आला की त्याला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, 'कोनाचा व्हय?' उत्तरात अमक्याचा भाचा, तमक्याचा साडू असे एखादे ओळखीचे नाव आले की पाण्याचा तांब्या पुढे होतो. नाही आले तरी तांब्या येतो, पण बोलणे हवापाण्यापुरतेच राहते. संगणकशास्त्रात गेल्या तीसेक वर्षांत याच प्रश्नावर पुष्कळ लेखन झाले आहे. जाळ्यावर कोट्यवधी यंत्रे आणि माणसे एकमेकांना न पाहता व्यवहार करतात. त्यांतल्या कोणावर विसंबावे, हे इतरांच्या अनुभवावरून कसे ठरवायचे? या शाखेला तिकडे 'रेप्युटेशन सिस्टिम' म्हणतात. मराठीत तिला पत हा एकच शब्द नेमका बसतो. उधारी मिळण्याची शक्यता आणि चारचौघांतली अब्रू, दोन्ही त्या दोन अक्षरांत आहेत.

हे निबंध मी कोणत्या महाविद्यालयात बसून शिकलेलो नाही. गणित बारावीपर्यंतचे, पुढचे लागेल तसे पुस्तकांतून उकरून काढलेले. त्यामुळे या लेखनाकडे मी तंत्रज्ञ म्हणून पाहत नाही. जुनी कागदपत्रे वाचायची सवय असलेला माणूस एखादा महजर वाचतो, तसे मी हे निबंध वाचतो : कोण बोलते आहे, कोणाच्या साक्षीने, आणि बोलणे खोटे निघाले तर कोणाचे काय जाते. या तिसऱ्या प्रश्नापाशी हे सगळे लेखन अडखळते, असे माझे मत झाले आहे. त्याने गावाकडून साक्षीदार उचलला. जामीनदार मात्र गावातच राहून गेला. हे मत कशावरून झाले ते या लेखात मांडतो.

सुरुवात २००३ च्या एका निबंधापासून करावी लागते, कारण त्याचे नाव न घेता या शाखेत कोणाला पुढे जाता येत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सेपंदार कामवार, मारिओ श्लॉसर आणि हेक्टर गार्सिया-मोलिना या तिघांनी 'आयगनट्रस्ट' नावाची रीत मांडली. तो काळ लोक एकमेकांच्या संगणकांतून थेट गाणी आणि फायली उतरवून घेण्याचा होता. मध्ये कोणी दुकानदार नाही, मालक नाही. गाण्याच्या नावाखाली कोणी कचरा देई, कोणी विषाणू. तेव्हा चांगला देणारा कोण आणि भामटा कोण हे यंत्रानेच ओळखावे, अशी गरज होती.

रीत समजायला सोपी आहे. प्रत्येकाकडे विश्वासाचा एक रुपया आहे असे धरा. ज्यांच्याशी आपला व्यवहार झाला त्यांच्यात, ज्याचा जसा अनुभव तसा, तो वाटून टाकायचा. मग ज्यांच्याकडे अधिक पैसे जमले त्यांच्या शब्दाला अधिक वजन द्यायचे आणि पुन्हा वाटप करायचे. असे करत राहिले की आकडे हळूहळू स्थिरावतात. पुढच्या वाटपाने बदलेनासे होतात. ती स्थिर आकड्यांची यादी म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येकाची पत. मित्राला विचारा, मित्राच्या मित्राला विचारा, त्याच्या मित्राला विचारा, हेच गणिताने केले. १९९८ साली गूगलच्या दोघा संस्थापकांनी पानांचा क्रम लावण्यासाठी जी 'पेजरँक' मांडली, तिचाही आत्मा हाच. तिथे रुपयाऐवजी दुवे आहेत : वजनदार पानाने ज्याचा उल्लेख केला ते पान वजनदार.

इथे मराठी वाचकाला लगेच एक शंका यावी, कारण आपल्या वाङ्मयव्यवहारात ती जुनी आहे. दहा जणांनी ठरवून एकमेकांची वाहवा केली तर? उंटाच्या लग्नात गाढवांनी गायचे आणि दोघांनी एकमेकांना दाद द्यायची, ती संस्कृत गोष्ट आपण एकमेकांच्या प्रस्तावना आणि पाठराखणी वाचताना आठवतोच. ही शंका निबंधाच्या लेखकांनाही आली. त्यांनी भामट्यांच्या टोळ्या कल्पून रीत तपासली. एका प्रकारात टोळीतले लोक फक्त एकमेकांना मोठे म्हणतात. दुसऱ्यात टोळीचे काही हस्तक बाहेर सज्जनासारखे वागतात, चांगला माल देऊन पत कमावतात आणि ती सगळी पत आतल्या भामट्यांच्या पदरात टाकतात. हा दुसरा प्रकार वाचताना तालुक्याच्या राजकारणातले दोनचार चेहरे माझ्या डोळ्यांसमोर आले, ते असो.

टोळीवर लेखकांनी काढलेला उपाय हा त्या निबंधातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि त्याच्यावर लेखकांनी सर्वांत कमी शाई खर्च केली आहे. त्यांनी काही सभासद आधीच विश्वासू म्हणून धरले. दर फेरीत वाटपातला ठरावीक हिस्सा या पूर्वविश्वासूंकडे वळवायचा, म्हणजे टोळी आपापसांत कितीही नाचली तरी पत गळत गळत बाहेर जाते. हे विश्वासू कोण? जाळे ज्यांनी उभारले ते आणि सुरुवातीला जे आले ते. त्यांतला एकही टोळीतला असता कामा नये, हे महत्त्वाचे, असे लेखक सांगतात आणि पुढच्या समीकरणाकडे वळतात.

महजर वाचणारा माणूस इथे थांबतो. विश्वास कोणावर ठेवावा हे शोधायला निघालेली रीत पहिल्याच पायरीवर म्हणते, काहींवर आधीच ठेवा. मग गणिताने काय केले? 'कोनाचा व्हय?' हा प्रश्नच दूरवर पोचवला. तुझी साखळी मूळच्या पाचदहा जणांपर्यंत जाऊन भिडते का, एवढे तपासले. मूळचे पाचदहा कोणी निवडले, का निवडले, ते चुकले तर त्यांना काढायचे कोणी, हा प्रश्न गणिताच्या बाहेर राहिला. आमच्याकडे हे पाचदहा लोक कोण असत हे सर्वांना ठाऊक आहे : वतनदार, पाटील, देशमुख, सावकार. त्यांच्याशी नाते सांगता येणाऱ्याला पत होती आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई तो कितीही सचोटीचा असला तरी त्याचा रुपया कोणी घेत नसे. तेव्हा गावाची रीत फार भली होती आणि यंत्राने ती बिघडवली, असा सूर मला लावायचा नाही. नातेगोते न विचारता नुसत्या वागणुकीवरून पत ठरवू, हे यंत्राचे आश्वासन आमच्यासारख्या भागात फार मोठे आहे. म्हणूनच ते पाळले जाते का, हे बारकाईने पाहायला हवे.

आयगनट्रस्टमध्ये आणखी एक जागा आहे. एखाद्याशी झालेल्या व्यवहारांत वाईट अनुभव चांगल्यांपेक्षा अधिक असतील तर उत्तर उणे येते. पण उणे रुपया वाटता येत नाही, म्हणून ते शून्य धरायचे. ज्याच्याशी कधी व्यवहारच झाला नाही त्याचेही शून्य. म्हणजे ज्याने मला दहादा फसवले तो आणि जो आज पहिल्यांदा गावात आला तो, दोघे यंत्राच्या वहीत एकाच ओळीवर. लेखकांनी ही त्रुटी प्रामाणिकपणे नोंदवली आहे. नवख्याला संधी मिळावी म्हणून त्यांनी एक तोडही काढली : दहांतून एकदा शून्यवाल्याकडूनच माल घ्यावा. उपाय चांगला आहे, पण त्याने शून्याचा अर्थ बदलत नाही. मराठीत नवखा आणि बदनाम हे दोन शब्द आहेत आणि शहाणी गृहिणी दोघांना एकाच मापाने पीठ उसने देत नाही.

या शून्याच्या दुसऱ्या बाजूला पहिली सिबिल उभी आहे. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या जॉन डूसर यांनी एक छोटा निबंध लिहिला, 'द सिबिल अटॅक'. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिबिल' या पुस्तकात एकाच बाईच्या अंगी अनेक व्यक्तिमत्त्वे असल्याची कथा आहे. नाव तिथून घेतले. म्हणणे असे, की जाळ्यावर नाव घ्यायला काही खर्च नसेल तर एकच माणूस हजार नावे घेईल, हजार साक्षीदार उभे करील आणि स्वतःचीच वाहवा करून घेईल. नावे वाटणारी एखादी मध्यवर्ती सत्ता नसेल तर व्यवहारात शक्य असलेल्या कोणत्याही परिस्थितीत हे रोखता येत नाही, असे डूसर यांनी दाखवले. मोजक्या पानांच्या या निबंधाने बिनमालकाच्या जाळ्याचे स्वप्न पाहणाऱ्यांची झोप उडवली. पत मोजण्याआधी डोकी मोजता आली पाहिजेत आणि डोकी मोजायला कोणीतरी सरकार लागते! आपल्याकडे डोकी मोजण्याची ती सोय आधारने झाली. एका माणसाला एकच क्रमांक, बोटांच्या आणि डोळ्यांच्या खुणांसकट. पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला.

आमच्याकडे बहुरूपी येतात, आता फारसे नाहीत, पण येत. फौजदाराच्या वेषात दारात येऊन 'चला ठाण्यावर' म्हणत. सगळ्यांना ठाऊक असे की हा बहुरूपी आहे, आणि तरी पोरे घाबरत. त्याचे सोंग उघड होते, म्हणून त्याला धान्य मिळे. डूसर यांचा बहुरूपी एकाच वेळी फौजदार, आरोपी, पंच आणि गावकरी होतो आणि कोणाला कळत नाही. बेनामी जमिनी आणि बोगस सभासदांवर चालणाऱ्या संस्था पाहिलेल्या माणसाला यात नवे काही वाटणार नाही. नवे एवढेच, की इथे सोंग बदलायला क्षण लागतो आणि खर्च शून्य. २००१ मध्ये एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक यांनी याच स्वस्त टोपणनावांची सामाजिक किंमत दाखवली होती : बदनाम माणूस नवे नाव घेऊन परत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक नवख्याकडे संशयाने पाहावे लागते आणि भामट्यांचा दंड नवखे भरतात. वरच्या परिच्छेदातले शून्य आपण होऊन पडलेले नाही. बदनामाला नवखा होता येते, म्हणून यंत्राने नवख्यालाही बदनामाच्या ओळीत बसवले आहे.

आता साक्षीदाराकडे येतो. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत : पाटलाचा नांगर, इतरांची आपापल्या कामाची हत्यारे. लिहिता न येणारा माणूसही आपल्या धंद्याच्या खुणेने कागदाला बांधला जाई. पण साक्ष ही त्या व्यवस्थेची अर्धीच बाजू. निवाड्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत. आज आपण नोकरी सोडताना देतो तो नव्हे; जो निर्णय होईल तो राजीखुशीने मान्य करू, असा लेखी कबुलीचा कागद. आणि त्यासोबत जामीन. जामिनाचेही प्रकार होते : माणूस हजर करण्याची हमी देणारा हाजीरजामीन, पैशाची हमी देणारा मालजामीन. साक्षीदार म्हणतो, मी पाहिले. जामीनदार म्हणतो, हा फिरला तर माझ्या खळ्यातले न्या. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १२८ आजही तेच सांगते : मूळ ऋणकोची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची.

व्यापारात ही गोष्ट हुंडीने आणखी बारीक केली. शहाजोग हुंडी वाटेल त्याच्या हाती वटत नसे. बाजारात ज्याला शहा म्हणून मान आहे अशालाच तिचे पैसे देता येत. कारण सरळ होते. हुंडी बनावट किंवा चोरीची निघाली तर तिचे पैसे घेणाऱ्या शहाकडून ते व्याजासह परत मागता येत. त्याची पत म्हणजे रक्कम परत करण्याची त्याची ताकद आणि तयारी. आणि या शब्दाचे पुढे काय झाले पाहा. आज मराठीत शहाजोग म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. बाजारातला हिशेब सुटला, पैसे परत करण्याची अट गळून पडली आणि उरला तो नुसता चेहरा. एखाद्या संस्थेचा ऱ्हास इतक्या थोडक्यात नोंदवणारे शब्द आपल्या भाषेत फार नसतील.

चेहरा उरला म्हणजे काय होते, हे ईबे या अमेरिकी लिलावस्थळाने दाखवले. १९९५ मध्ये ते सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे गिऱ्हाईक आणि विक्रेता यांनी एकमेकांना अधिक, उणे किंवा मधला शेरा देण्याची सोय झाली. परक्या माणसाला आगाऊ पैसे पाठवण्याचे धाडस लोकांना या शेऱ्यांनीच दिले, हे मान्य केले पाहिजे. रेझ्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी १९९९ मधले व्यवहार तपासले तेव्हा गिऱ्हाइकांनी दिलेल्या शेऱ्यांत शंभरांत नव्याण्णवांहून अधिक चांगले निघाले. सगळे शहाजोग! याचे एक कारण भीती होते : मी त्याला उणे दिले तर तोही मला उणे देईल. २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा गिऱ्हाइकाला उणे शेरा देण्याचा अधिकारच काढून घेतला. तरी या सगळ्यात चांगला शेरा देणाऱ्याचे काय पणाला लागते? काही नाही. उद्या तो विक्रेता पळाला तर कालच्या पाच चांदण्या देणाऱ्याला कोणी विचारत नाही. माझ्या मते चांदण्यांची महागाई कमी होण्याचे खरे कारण हे आहे. भीतीला यात दुय्यम जागा आहे.

हे कळणारे लोक संगणकवाल्यांतही होते. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये गुप्त पत्रव्यवहारासाठी पीजीपी ही आज्ञावली काढली. तिच्यात ओळखीचे लोक एकमेकांच्या किल्लीवर सही करतात आणि साक्षीचे जाळे विणले जाते. झिमरमन यांनी एक फरक काटेकोर राखला : 'ही किल्ली याच माणसाची आहे' ही एक गोष्ट आणि 'या माणसाच्या साक्षीवर विसंबता येते' ही दुसरी. माणूस खरा आहे म्हणून त्याचा शब्द खरा असे नाही. आपल्याकडे ओळखपत्र दाखवून फसवणारे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा फरक पटायला जड जात नाही. पण इथेही सही फुकटच होती, आणि ज्याच्या किल्लीवर सही करायची त्याची परवानगी लागत नव्हती. २०१९ मध्ये कोणीतरी दोन जाणत्या कार्यकर्त्यांच्या किल्ल्यांवर हजारो बनावट सह्यांचा ढीग टाकला. किल्ली उतरवून घेणाऱ्यांची यंत्रे त्या ओझ्याने ठप्प होऊ लागली. साक्षीदारांच्या गर्दीत माणूसच गुदमरला.

ज्यात खरोखर काही पणाला लागले असे एक प्रकरण भारतातलेच आहे आणि त्याची आपल्याकडे व्हावी तेवढी चर्चा झाली नाही. आज संगणकावरून काढलेल्या सातबाऱ्यावर तलाठ्याच्या शाईच्या सहीऐवजी अंकीय सही असते. ती सही खरी हे कोणी सांगायचे? प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने. आणि ती संस्था खरी हे? माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरणांच्या नियंत्रकाने. ही सरळसरळ वरून खाली येणारी साखळी आहे. मूळचा विश्वासू सरकारने नेमलेला. आंतरजालावर 'हे पान खरेच गूगलचे' असे सांगणारी प्रमाणपत्रेही अशाच साखळ्यांतून येतात. फक्त तिथे मूळचे विश्वासू कोण, याची यादी ब्राउझर आणि संगणकप्रणाली बनवणाऱ्या कंपन्या ठरवतात. भारताच्या नियंत्रकाचे नाव मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते. फायरफॉक्स आपली यादी वेगळी ठेवतो. तिच्यात ते नव्हते.

२ जुलै २०१४ रोजी गूगलला आढळले, की आपल्या काही पत्त्यांच्या नावे बनावट प्रमाणपत्रे फिरत आहेत आणि ती भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या साखळीतून निघाली आहेत. दुसऱ्याच दिवशी नियंत्रकांनी केंद्राची मधली प्रमाणपत्रे रद्द केली. प्रमाणपत्र देण्याची प्रक्रिया भेदली गेली होती आणि चार प्रमाणपत्रे चुकीची निघाली, असे भारताकडून कळवले गेले. गूगलचे म्हणणे होते, आमच्या पाहण्यात त्याहून जास्त आहेत. पुढे गूगलने जे केले ते मला जुन्या जामीनपद्धतीची आठवण करून देते. क्रोममध्ये भारताच्या नियंत्रकाची हमी त्यांनी पूर्ण नाकारली नाही. ती सात ठरावीक नावांच्या हद्दीपुरती मान्य केली, त्यात गव्ह डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन ही होती. याचा जामीन चालेल, पण त्याच्या शिवेच्या आत. चूक झाली, हमी देणाऱ्याची शीव आखडली.

म्हटले तर हा न्याय झाला. पण निवाडा कोणी केला? एका परदेशी खासगी कंपनीने. त्यावर अपील कुठे करायचे याचे उत्तर कोणाकडे नाही. तिथे गोतसभा नाही, राजीनामाही नाही. आयगनट्रस्टच्या निबंधात जो प्रश्न दोन ओळींत उरकला होता, की मूळचे विश्वासू कोणी निवडायचे, तो इथे एका सार्वभौम देशापुढे उभा राहिला. आणि गूगलनेही चोर आपल्या दारात पकडला म्हणूनच हालचाल केली, हेही विसरू नये.

आता दुसरी सिबिल. देवनागरीची गंमत अशी, की हजार तोंडांच्या फसवणुकीचे नाव आणि कर्जदाराच्या पत-आकड्याचे लोकांच्या तोंडी बसलेले नाव आपण अगदी एकसारखे लिहितो. दुसरी सिबिल म्हणजे क्रेडिट इन्फर्मेशन ब्युरो. २००० साली स्थापन झालेली, आता ट्रान्सयुनियन सिबिल. बँका कर्जांची माहिती जाळ्यावरून तिच्याकडे पाठवतात आणि ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. आमच्या तालुक्यात कापूस आणि सोयाबीनच्या भावानंतर या आकड्याचीच चौकशी होते.

वरच्या सगळ्या निबंधांतले प्रश्न या आकड्यात जसेच्या तसे सापडतात. मूळचे विश्वासू कोण? बँका, वित्तसंस्था, थोडक्यात सभासद. कृषी केंद्राची उधारी जो शेतकरी वीस वर्षे दिवाळीला न चुकता फेडतो, त्याच्याबद्दल दुकानदार काही सांगू शकत नाही. त्याला या सभेत बसायला जागा नाही. नवखा आणि बदनाम यांचे काय? इथे फरक केला आहे, पण कसा! ज्याने कधी कर्ज घेतले नाही त्याच्यापुढे 'उणे एक' किंवा 'एनएच' अशी खूण येते. इतिहास नाही एवढाच तिचा अर्थ. पण उणे एक हा आकडा पाहून खुर्चीतला माणूस काय समजतो, हे सांगायला संशोधन लागत नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला इतिहास नाही एवढ्यावरून परत पाठवू नये, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाला २०२५ मध्ये संसदेत सांगावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करण्याचा इशारा दिला.

इशाऱ्याने प्रश्न सुटत नाही, कारण आकडा ज्या जागी आला ती जागा आधी रिकामी झाली होती. गावची सेवा सहकारी संस्था आणि तिच्यामागे जिल्हा मध्यवर्ती बँक अशी पीककर्जाची जुनी वाट. गटसचिवाला प्रत्येक खातेदाराचे शेत, विहीर आणि लग्नाला आलेल्या मुली ठाऊक असत. त्या ओळखीत पक्षपात होता, वशिला होता, खोटी कर्जेही होती. गेल्या दशकात बुलडाणा, वर्धा आणि नागपूर या तिन्ही जिल्हा बँका अडचणीत आल्या आणि खातेदार राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात गेले. तिथला अधिकारी दर तीन वर्षांनी बदलणारा, अनेकदा परप्रांतातला. 'कोनाचा व्हय?' विचारून त्याला उपयोग नाही. त्याने पडद्यावर पाहावे यात त्याचा दोष मला दिसत नाही.

दोष दिसतो तो पडद्यावरच्या साक्षीत. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाखावरची थकबाकी असणाऱ्याला वरची रक्कम भरून एकरकमी परतफेड करायची होती. तडजोडीने मिटवलेल्या कर्जाची अहवालातली खूण पुढच्या कर्जाला आडवी येते. सरकारने बोलावले म्हणून तडजोडीला गेलेला आणि स्वतःहून कर्ज बुडवून घासाघीस केलेला, दोघांची खूण एकच असेल तर आयगनट्रस्टचे शून्य आमच्या शिवारात उतरले म्हणायचे. गारपीट, बोंडअळी, वाण नदीचा पूर यांना त्या नोंदीत रकाना नाही.

आणि जामीनदार? तो मात्र इथे परत आला आहे. कर्जदार थकला की जामीनदाराच्या अहवालातही ते कर्ज दिसते आणि त्याचाही आकडा खाली येतो. पूर्वी तो खळ्यातले धान्य देऊन मोकळा होई. आता त्याच्या मुलाचे शैक्षणिक कर्ज अडू शकते. गावात जामीन राहायला माणूस मिळत नाही अशी ओरड आहे, तिचे एक कारण हे. पणाला लावणारा हा एकटाच. ज्या बँकेने माहिती पाठवली तिचे काय पणाला लागते, हा प्रश्न बरीच वर्षे कोणी विचारला नव्हता. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये पहिल्यांदा त्याला आकडा दिला : चुकीच्या नोंदीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये तक्रारदाराला द्यायचे. मी वाचलेल्या सगळ्या निबंधांपेक्षा या एका परिपत्रकात मला अधिक विचार दिसतो. साक्षीला प्रथमच किंमत लागली. शंभर रुपये कमी आहेत का? आजच्या निंदणीच्या मजुरीपेक्षा कमी आहेत.

ती भरपाई मिळवायची तर आधी आपली नोंद पाहावी लागते, आणि ते लोक करत नाहीत. देशात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा नियम २०१७ पासून आहे. चारही अहवाल काढून एकमेकांशेजारी ठेवले तर चार आकडे निघतात, कारण प्रत्येकीची मोजायची रीत वेगळी. एकाच शेतकऱ्याची, एकाच सातबाऱ्याची, एकाच दिवशी चार वेगळी पत. बँकेच्या पडद्यावर त्यांतली एकच दिसते आणि ती कोणती असावी हे शेतकऱ्याला कोणी विचारलेले नसते.